शाळेच्या पैशाची हिशेबपट्टी

'करदाता' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे शहरातला पगारदार, पेढीवरचा व्यापारी किंवा कारखानदार उभा राहतो. रनाळ्यासारख्या खेड्यात मिरची तोडायला जाणारी मजूर बाई स्वतःला करदाती समजत नाही, आणि तसे तिला कोणी सांगितलेलेही नसते. वास्तविक ती दुकानातून साबण घेते, मोबाईलमध्ये पैसे भरते, पावसाळ्यापूर्वी घरावर टाकायला पत्रे आणते, त्या प्रत्येक वेळी किमतीबरोबर करही देत असते. घरपट्टी तर ती पावती घेऊनच भरते. तेव्हा तिचा मुलगा ज्या जिल्हा परिषद शाळेत शिकतो, त्या शाळेतील खडू, तांदूळ, गणवेश आणि गुरुजींचा पगार यांत तिचाही वाटा आहे. तरीही 'सरकार फुकट शिकवते' असे आपण सहज बोलून जातो. उपकर आणि उपकार या दोन शब्दांत एका कान्याचाच काय तो फरक; पण तो काना नको तिथे पडला की मालकाचा याचक होतो. याचकाला हिशेब विचारता येत नाही, मालकाला येतो.

प्रस्तुत लेखात मला एवढ्याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे : सरकारी शाळांवर होणाऱ्या खर्चाचा हिशेब, कर देणाऱ्याला समजेल अशा रीतीने, त्याच्यापुढे का येत नाही आणि तो कसा आणता येईल.

प्रश्न जुनाच आहे

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही त्यातील मागणी आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण त्या निवेदनात एक रोखठोक हिशेबी मुद्दाही होता. सरकारची तिजोरी भरते ती रयतेच्या घामाने. मग तिच्यातून शिक्षणावर जाणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे का वळतो, असे त्यांचे विचारणे होते. त्या काळी मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून वसूल केला जाई आणि त्यातला एक हिस्सा शाळांसाठी असे. म्हणजे शेतकरी शाळेच्या नावाने पैसा देत होता आणि त्याचीच मुले बहुसंख्येने शाळेबाहेर होती. फुल्यांनी मागितला तो करदात्याचा हिशेबच होय.

सव्वाशे वर्षांनंतर हाच प्रश्न दुसऱ्या वेषात पुन्हा उभा राहिला. २००४ साली केंद्र सरकारने करांवर २ टक्के शिक्षण उपकर बसविला. २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्क्याची भर पडली. २०१८ पासून आयकरावर आरोग्य व शिक्षण असा मिळून ४ टक्के उपकर आहे. यांपैकी माध्यमिक व उच्च शिक्षणाच्या उपकरापोटी २००६-०७ ते २०१६-१७ या काळात ८३ हजार कोटींहून अधिक रुपये जमा झाले. परंतु ते ज्या स्वतंत्र निधीत दिसावयास हवे होते तसे दिसत नाहीत, असा आक्षेप देशाच्या महालेखापरीक्षकांनी नोंदविला. हा पैसा कोणी खाल्ला, असा याचा अर्थ नव्हे. तो सर्वसाधारण तिजोरीत मिसळला गेला. पण ज्या नावाने घेतला त्या नावाने खर्ची पडल्याचे दाखविता आले नाही, ही गोष्ट लहान नाही. हिशेब लागला नाही की प्रामाणिक माणसावरही संशय येतो, आणि अप्रामाणिक माणसाला आडोसा मिळतो.

पैसा किती वाटांनी येतो?

१९६१ च्या कायद्याने महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यांतील प्राथमिक शिक्षणाचा कारभार त्यांच्याकडे आला. आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला, तेव्हापासून रनाळ्याच्या शाळेचा कागद धुळ्याऐवजी नंदुरबारला जाऊ लागला. कागदाचे अंतर कमी झाले. हिशेबाचे अंतर मात्र तेवढे कमी झाले नाही. याचे कारण असे की शाळेचा पैसा एका वाटेने येतच नाही.

शिक्षकांचा पगार राज्य शासनाकडून जिल्हा परिषदेमार्फत येतो. खर्चाचा सर्वांत मोठा भाग तोच. दुसरी वाट 'समग्र शिक्षा' योजनेची. २०१८-१९ पासून चालू असलेल्या या योजनेत शंभरातले ६० रुपये केंद्राचे आणि ४० राज्याचे असतात. शाळेचे वार्षिक अनुदान आणि मुलांचे गणवेश यांचा पैसा इथून मिळतो. तिसरी वाट पोषण आहाराची : धान्य एकीकडून, तेल-मीठ-भाजीचा खर्च दुसरीकडून. चौथी आश्रमशाळांची, त्या आदिवासी विकास विभागाच्या असल्यामुळे त्यांचा कारभार नंदुरबार आणि तळोदा येथील प्रकल्प कार्यालयांकडे. पाचवी खासगी अनुदानित शाळांची, जिथे संस्था खासगी पण पगार सरकारी. आणि सहावी गावाची स्वतःची : ग्रामपंचायतीचा निधी आणि लोकवर्गणी.

या प्रत्येक वाटेचे रजिस्टर वेगळे, तपासनीस वेगळा, वर्षअखेरचा अहवाल वेगळा. राज्याच्या अर्थसंकल्पात '२२०२ सर्वसाधारण शिक्षण' या लेखाशीर्षाखाली अवाढव्य रकमा छापलेल्या असतात. त्या कोणीही वाचू शकतो. पण त्यांतून आपल्या गावच्या शाळेच्या वाट्याला किती आले, हे शोधू पाहणाऱ्याची अवस्था तापीच्या पात्रात आपल्या विहिरीचे पाणी ओळखू पाहणाऱ्यासारखी होते.

कायदा काय देतो?

कायद्याच्या बाजूने आपण अगदीच उघडे नाही. महाराष्ट्राने केंद्राच्याही आधी, २००२ साली, माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. पुढे केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर पूर्णपणे अमलात आला. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपले अंदाजपत्रक, दिलेल्या रकमा आणि योजनांचे लाभ कोणी न मागताच प्रसिद्ध करावयाचे आहेत. अर्ज करून माहिती मागावी लागणे हा नंतरचा मार्ग आहे. पहिला मार्ग आपण होऊन सांगण्याचा आहे. आपल्याकडे मात्र अर्जाचीच चर्चा फार झाली आणि चौथे कलम मागे राहिले.

दुसरा आधार शिक्षण हक्क कायद्याचा. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात निदान तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेला मिळणाऱ्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हे या समितीचे कर्तव्य म्हणून कायद्यातच लिहिलेले आहे. म्हणजे हिशेब पाहणे हा पालकांचा आगाऊपणा नसून ती त्यांची नेमून दिलेली कामगिरी आहे.

तिसरा आधार यू-डायस या नोंदणीचा. देशातील प्रत्येक शाळेला अकरा आकडी क्रमांक आहे. महाराष्ट्राचे २७ आणि त्यात नंदुरबारचे ०१, म्हणून आपल्या जिल्ह्यातील शाळांचे क्रमांक २७०१ ने सुरू होतात. शाळेची पटसंख्या, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे आणि अनुदान यांची माहिती या क्रमांकाखाली दरवर्षी भरली जाते.

मग अडते कुठे?

माझ्या मते तीन ठिकाणी अडते : भाषेत, जागेत आणि वेळेत.

भाषेचे असे की 'तरतूद', 'वितरण', 'अखर्चित शिल्लक', 'उपयोगिता प्रमाणपत्र' हे शब्द कचेरीला कळतात, चावडीला कळत नाहीत. याउलट नंदुरबारच्या बाजार समितीत मिरची घेऊन गेलेल्या शेतकऱ्याची हिशेबपट्टी पाहा. वजन किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती आणि हातात काय पडले, हे सारे तळहाताएवढ्या कागदावर असते. चार इयत्ता शिकलेला माणूसही ती बारकाईने वाचतो आणि रुपयाचा फरक पडला तर अडत्याला जाब विचारतो. खेडुताला हिशेब कळत नाही हे खरे नव्हे. त्याला कळेल असा हिशेब त्याला कोणी देत नाही, हे खरे आहे.

जागेचे असे की माहिती असते, पण ती संगणकावर किंवा पंचायत समितीच्या कपाटात असते. शाळेच्या भिंतीवर सुविचार असतो, नकाशा असतो, पण यंदा किती पैसे आले हे बहुधा नसते. पूर्वी जाणता पालक शाळेचे पासबुक पाहायला मागू शकत असे. २०२१ पासून योजनांचा पैसा राज्यपातळीवरच्या एकाच खात्यात ठेवण्याची पद्धत आली. शाळेला खर्चाची मर्यादा कळविली जाते आणि खर्च होईल तसा पैसा तिथून निघतो. पैसा गावोगावच्या खात्यांत पडून राहू नये हा त्यामागचा हेतू चांगलाच. पण आता पासबुक उघडले तर शिल्लक शून्य दिसते. म्हणून पालकाने विचारावयाचा प्रश्नही बदलला पाहिजे. 'खात्यात किती आहेत?' असे न विचारता 'यंदा मर्यादा किती आली, कोणत्या तारखेला आली, आणि त्यातले किती वापरले?' असे विचारले पाहिजे.

वेळेचे दुखणे सर्वांत जुने. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि अनुदान पुष्कळदा वर्ष सरत आल्यावर येते, असे देशभरच्या पाहण्यांत वारंवार दिसून आले आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेला पैसा ३१ मार्चपूर्वी संपवावयाचा म्हटले की गरज बाजूला राहते आणि खरेदी पुढे येते. कागदोपत्री असा हिशेब अगदी चोख असतो. पण पावसाळ्यात गळलेले छप्पर मार्चमध्ये दुरुस्त झाल्याने भिजलेली मुले कोरडी होत नाहीत. म्हणून हिशेबात रकमेइतकीच तारीख महत्त्वाची आहे.

थोडे गणित

हा विषय कोरडा वाटू नये म्हणून उदाहरणादाखल एक शाळा घेऊ. तिचा पट १८० आहे. 'समग्र शिक्षा'च्या २०२१ मधील सुधारित आराखड्याप्रमाणे वार्षिक संयुक्त अनुदान पटावर ठरते : ३० पर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख रुपये. आपल्या शाळेला ५० हजार मिळतील. १८० मुलांत वाटले तर मुलामागे वर्षाला सुमारे २७८ रुपये. शाळेचे २०० दिवस धरले तर दिवसाला दीड रुपयासुद्धा नाही. यातच खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती आणि साफसफाई. हे गणित पालकांपुढे मांडले तर 'मास्तरांनी पैसे खाल्ले' असा जो सरसकट संशय असतो, तो पुष्कळ अंशी निवळेल. उघडा हिशेब प्रामाणिक मुख्याध्यापकाची ढाल आहे, ती अशी.

आता दुसरी बाजू पाहा. पट १०० चा १०१ झाला की अनुदान २५ हजारांवरून ५० हजारांवर जाते. शिक्षकांची मंजूर पदे संचमान्यतेत ठरतात, तीही पटावरच. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम. आपल्या शाळेत १८० मुले पाचवीपर्यंतची असली आणि रोज हजेरी १५० ची असून नोंद मात्र १८० ची झाली, तर दिवसाला ३ किलो आणि २०० दिवसांत ६ क्विंटल तांदळाचा फरक पडतो. म्हणजे शाळेच्या साऱ्या हिशेबाचे मूळ एकाच आकड्यात आहे : वर्गात खरोखर किती मुले बसतात.

हे काल्पनिक भय नव्हे. २०११ साली ३ ते ५ ऑक्टोबर या तीन दिवसांत महाराष्ट्रभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावण्यात आली. पटावर असलेली सुमारे वीस लाख मुले वर्गात आढळली नाहीत. यांतली काही स्थलांतराला गेलेली, काही खरोखर गैरहजर असतीलही. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले पटावर असूनही गावात नसतात, हे आपण जाणतो. पण फार मोठा भाग कागदावरच जन्मलेल्या मुलांचा होता. त्या मुलांच्या नावाने निघालेला पैसा मात्र कागदी नव्हता, तो खराच होता. विचार करण्याजोगी गोष्ट अशी की हे शोधायला सरकारला तीन दिवस आणि सारी यंत्रणा लागली. गावाला ते रोजच दिसत होते.

मोठ्या खर्चाची पावती

शाळेच्या खर्चाचा सिंहाचा वाटा पगाराचा, हे वर आलेच आहे. अनुदानाच्या ५० हजारांचा आपण काथ्याकूट करावा आणि पगाराच्या लाखोंचा विचारच करू नये, हे बरे नाही. पगाराची पावती म्हणजे शिकवण्याचा दिवस. म्हणून मंजूर पदे किती, भरलेली किती, रिकामी किती, आणि शिक्षकांचे किती दिवस शाळेबाहेरच्या सरकारी कामांत गेले, हेही हिशेबातच यावयास हवे. रिकामे पद म्हणजे न झालेला खर्च. तो कुठल्याच लेखापरीक्षेत आक्षेप म्हणून ठळक दिसत नाही, पण मुलाचे वर्ष त्याने वाया जाते. यातही शिक्षकाला आरोपी करण्याचा हेतू नाही. किती दिवस त्याला वर्गाबाहेर काढले, हे गावाला कळले तर गाव त्याच्याच बाजूने उभे राहील.

खरेदी जितकी दूर जाते, तितका हिशेब अंधुक होतो. गणवेशाचे ताजे उदाहरण आहे. दोन गणवेशांसाठी मुलामागे ६०० रुपयांची तरतूद असे आणि शाळा व्यवस्थापन समिती कापड पाहून, भाव करून ते घेई. २०२४-२५ मध्ये राज्यभर एकसारखा गणवेश वरून देण्याचे ठरले; उशीर, मापे आणि कापडाचा दर्जा यांबद्दल तक्रारी झाल्या, आणि २०२४ च्या डिसेंबरात शासनाने हे काम पुन्हा समित्यांकडे सोपविण्याचा निर्णय घेतला. समितीच्या खरेदीत कधीच गफलत होत नाही असे नाही. पण तिथे आईला कापड हातात घेऊन 'हे एवढ्याला कसे?' असे विचारता येते.

युगांडाची गोष्ट

आफ्रिकेतील युगांडा या देशात १९९१ ते १९९५ या काळात, सरकारने शाळांसाठी पाठविलेल्या विद्यार्थीनिहाय अनुदानापैकी सरासरी अवघे १३ टक्के शाळांपर्यंत पोहोचत होते, असे पाहणीत आढळले. बाकीचे वाटेतल्या जिल्हा कचेऱ्यांत अडत होते. त्यानंतर तेथील सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती पैसे पाठविले हे वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली आणि शाळांना आलेली रक्कम दारावर लावण्यास सांगितले. २००१ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले. नुसत्या छापील आकड्यांनी एवढा चमत्कार झाला, असे सारेच अभ्यासक मानत नाहीत. त्याच काळात तिथे पैसे पाठविण्याच्या पद्धतीतही सुधारणा झाल्या होत्या. तरी शाळेला किती मिळावयाचे होते हे ठाऊक असल्याखेरीज किती कमी मिळाले हे कोणालाच म्हणता येत नाही, एवढे तरी यातून निश्चित दिसते.

एक फळा पुरेसा आहे

तेव्हा मला सुचवावयाचे ते फार साधे आहे. प्रत्येक शाळेच्या दर्शनी भिंतीवर एक फळा असावा आणि त्यावर सहाच ओळी असाव्यात. पहिली : पट किती आणि आज हजर किती. दुसरी : मंजूर शिक्षक किती, कामावर किती. तिसरी : यंदाचे अनुदान किती, कोणत्या तारखेला कळले, किती खर्च, कशावर, शिल्लक किती. चौथी : या महिन्यात धान्य किती आले, किती शिजले, किती उरले. पोषण आहाराच्या नियमांत ही माहिती दर्शनी जागी लावण्याची अपेक्षा पूर्वीपासून आहेच. पाचवी : गणवेश व पुस्तके किती मुलांना मिळाली, किती राहिली. सहावी : लोकवर्गणी किती जमली, कुठे लागली. बाजार समितीच्या हिशेबपट्टीसारखी ही शाळेची हिशेबपट्टी. मुलांची नावे, जाती किंवा घरची परिस्थिती यांचा त्यावर उल्लेख नको. हिशेब पैशाचा द्यावयाचा आहे, गरिबीचा नाही.

यावर आक्षेप येतील. शिक्षकांवर आधीच कागदांचा भार आहे, आणखी एक कशाला? पण यातला प्रत्येक आकडा आज ना उद्या त्यांना वर कळवावा लागतोच. तोच खाली लिहावयाचा आहे. हे काम सातवी-आठवीच्या मुलांना दिले तर व्यवहारी अंकगणिताचा तास वेगळा घ्यायला नको. दुसरा आक्षेप असा की गावात गटतट असतात आणि आकडे हाती आले की भांडणे होतील. भांडणे आजही होतात. फक्त ती अफवांवर होतात. माहितीच्या अर्जाचा धाक घालून मास्तरांना छळणारी माणसेही आहेत. पण जे भिंतीवरच लिहिले आहे, त्याची भीती कोण कोणाला घालणार?

फळ्याबरोबर आणखी एक गोष्ट हवी. आपला नंदुरबार जिल्हा २०११ च्या जनगणनेत साक्षरतेमध्ये राज्यात सर्वांत मागे होता. राज्याचे प्रमाण ८२ टक्क्यांवर असताना आपले ६४ टक्के होते. म्हणजे पुष्कळ करदात्यांना लिहिलेला फळा वाचता येणार नाही. त्यांच्यासाठी हा हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखविला पाहिजे, आणि तो सरपंचाने किंवा ग्रामसेवकाने न वाचता शाळेतल्याच एखाद्या मुलीने वाचावा, असे मला वाटते. सहा ओळी तिने न अडखळता वाचल्या आणि कोणी मध्येच विचारलेल्या वजाबाकीचे उत्तर दिले, तर शाळेवरचा खर्च कारणी लागल्याचे त्याहून चांगले उपयोगिता प्रमाणपत्र कुठल्याच कचेरीत मिळणार नाही. आणि ती अडखळली, तर गावाला पुढच्या वर्षी कोणता प्रश्न विचारायचा, तेही कळेल.